पत्र नंबर अठरा

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत माझ्या नवऱ्याची रजा नौदलाने नव्हे, मी रद्द केली.

हे तेव्हा युद्धनौकेचे कप्तान. दोनशे माणसं यांच्या हुकमात, आणि मी नाशिकला सासू-सासऱ्यांच्या! जहाज बंदराला लागलं की साठलेली सगळी पत्रं यांच्या हातात एकदम पडायची. म्हणून मी पाकिटावर नंबर घालायचे आणि हे त्याच क्रमाने वाचायचे. (शिस्त!)

दिवाळीच्या आधी यांचं पत्र आलं. तीन पानं जहाजाच्या इंजिनावर आणि माझ्यासाठी शेवटी एक ओळ : 'तब्येतीस जप.' माझं डोकंच फिरलं. 'त्या इंजिनाबरोबरच दिवाळी करा, इकडे येऊ नका,' असं लिहून तिरीमिरीत पोस्टात टाकून आले. पत्र पेटीत पडलं आणि मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी लगेच लिहिलं : 'कालचं विसरा. या. तुमच्याशिवाय घर खायला उठतं.' कॅलेंडरवर शेवटची नोंद सोळा नंबरची होती, म्हणून नीट सतरा नंबर घातला.

आदल्या दिवशी रागाच्या भरात नोंद न करताच सतराऐवजी अठरा टाकला होता, हे कळलं ते तार आल्यावर : 'पत्र अठरा मिळालं. तुझ्या इच्छेप्रमाणे रजा दुसऱ्या अधिकाऱ्याला दिली.' म्हणजे यांनी आधी माझी माफी वाचली आणि मग माझा राग! मी उलट तार केली, पण तोवर जहाज सुटलं होतं.

घरात मी तारेतलं एवढंच सांगितलं की रजा रद्द झाली. सासूबाईंनी लेकासाठी डबाभर अनारसे तळले होते. त्यांनी नौदलाचा उद्धार सुरू केला, मीही मान डोलावली. मग शेजारपाजारचे आले आणि सरकारला नावं ठेवत अनारसे संपवून गेले. शेवटी सासरे, निवृत्त हेडमास्तर, थेट संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहायला बसले. आता यांची नोकरीच जायची! मी तार पुढे केली आणि सगळं कबूल केलं.

त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "सूनबाई, जहाज तो चालवतो असं मी गावभर सांगत होतो."

मला हसू आलं आणि हसता हसता रडायलाच लागले. मला हे घरी हवे होते, बाकी काही नको होतं.

पुढे हे अ‍ॅडमिरल झाले. लवकर या, चार दिवस जास्त राहा, पत्र जरा मोठं लिहा, असं मी जन्मभर सांगत राहिले. यांनी माझा हुकूम पाळला तो एकदाच, आणि तोही नेमका नको तो!