लूकाची वायनरी, मुक्काम कुवेत

ज्या देशात वाइनचा एक थेंब मिळत नाही, तिथे राहून माझ्याकडे वाइनचे इतके किस्से जमलेत की नाशिकला गेले की माहेरचे लोक संशयाने बघतात. "ज्योती, खरं सांग, तिकडे चाललंय तरी काय?" अहो, काही चाललेलं नाही! वाइन कुणी पीत नाही, पण आमच्या ऑफिसात तिच्याशिवाय दुसरा विषय निघत नाही. एक किस्सा जुना होईपर्यंत दुसरा तयार असतो.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, लूका. कुवेतच्या मीना अब्दुल्ला भागात आमच्या कंपनीचं पाइपलाइनचं काम आहे, मी तिथे प्लॅनिंगला. लूका इटलीतल्या मोदेना भागातला. खापरपणजोबांच्याही आधीपासून त्यांच्या घराण्याची वायनरी आहे. तिथे लाम्ब्रुस्को नावाची वाइन करतात. लाल, फेसाळणारी, थंडगार प्यायची.

"म्हणजे कोल्ड्रिंक!" आमचा पाइप फोरमन बाबी म्हणाला. बाबी कुडाळकडचा. लूका दोन दिवस त्याच्याशी फक्त ईमेलवर बोलला.

*

मग समेट करायला बाबीने त्याला कोकमाचं सरबत दिलं. स्टीलच्या पेल्यात, काठोकाठ.

लूकाने पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. आणि वाइनच्या ग्लासासारखा गर्रकन फिरवला! अर्धं सरबत पांढऱ्याशुभ्र शर्टावर. पण गडी ढळला नाही. उरलेल्याचा घोट तोंडात खळखळवून म्हणाला, "मीठ आहे. ऊन आहे. मागून थोडी माती येते."

"येतलीच! आवशीन खळ्यात सुकत घातला हा!" बाबी खूश. सोलं त्याच्या आईने अंगणात वाळवलीत, असं मी लूकाला सांगितलं.

"साल कुठलं?"

"ह्याच मे म्हयन्यातला. गाववाल्याच्या बॅगेतसून ईला."

लूकाने गंभीरपणे मान हलवली. "तरीच. प्रवासात जरा हललंय."

*

एकदा माझाच त्याच्याशी खटका उडाला. सुपरमार्केटमध्ये आपली नाशिकची द्राक्षं आली होती. मी कौतुकाने पेटी नेली ऑफिसात. लूकाने एक मणी तोंडात टाकला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"बी कुठाय?"

"नाहीच मुळी! सीडलेस!" मी अभिमानाने सांगितलं.

"बी नाही, साल पातळ, नुसती साखर. ज्योती, हे द्राक्ष नाही, ही गोळी आहे. याची पुढची पिढी कुठून येणार?"

नाशिकच्या द्राक्षाला गोळी म्हणतो? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या द्राक्षांना बी आहे ना? मग तुमच्या वायनरीची पुढची पिढी इथे वाळवंटात पाइप का जोडत बसलीय?"

लूका उठून साइटवर निघून गेला.

आमचे स्टोअरकीपर हसनचाचा कोपऱ्यात चहा पीत होते. रत्नागिरीचे, कुवेतमध्ये उभं आयुष्य काढलेले, सगळ्यांच्या घरच्या भानगडी त्यांना ठाऊक. म्हणाले, "बेटा, भलत्या जागी बोललीस. तो एकुलता एक. बाप थकलाय. एक मोठी कंपनी वायनरी विकत मागतेय. बाप म्हणतो, तू येतोस तर ठेवतो, नाहीतर विकतो. आणि हा हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणायला गेले, तर पेटी रिकामी. साहेबांनी एकट्याने सगळ्या 'गोळ्या' संपवल्या होत्या!

*

सप्टेंबर आला की लूका कामातून जातो. तिकडे द्राक्षतोडणी चालू आणि हा इकडे. मोबाइलवर सतत गावचं हवामान.

क्लायंटबरोबर मीटिंग चालू होती. त्यांचे कुवेती इंजिनिअर साहेब, आम्ही सगळे, विषय वेल्डिंगचा. एकदम लूका ताडकन उठला. "गारा!"

बाहेर ऊन असं की हेल्मेटवर पापड भाजावा. सगळे खिडकीकडे बघायला लागले.

"इथे नाही. माझ्या घरी!" त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. नकाशात एक जांभळा ढग त्यांच्या मळ्याकडे सरकत होता. गारा पडल्या की तोडणीला आलेली द्राक्षं मातीत जातात, हे नाशिकच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी पेन खाली ठेवलं. कुवेती साहेबांनीही वेल्डिंगचे कागद बाजूला सारले आणि खुर्ची जवळ ओढली. "इन्शाल्ला, वळेल," ते म्हणाले.

मीटिंग तिथेच थांबली. सगळे ढगाकडे बघत बसलो. आणि ढग खरोखर वळला! लूका टाळ्या पिटायला लागला, "शेजाऱ्याकडे गेला! शेजाऱ्याकडे गेला!" मग एकदम वरमला आणि छातीवर क्रॉस केला.

मीटिंगचा वृत्तांत मला लिहायचा होता. मी लिहिलं, 'गारा: कामावर परिणाम नाही.' क्लायंटने सही करून परत पाठवला.

*

त्यांच्याकडे द्राक्षाचा ताजा रस आंबायच्या आत तासन्‌तास आटवून एक घट्ट पाक करतात. साबा म्हणतात. त्यात दारूबिरू काही नसते. एका शुक्रवारी घरच्या आठवणीने लूकाला उमाळा आला. त्याने मार्केटमधून काळी द्राक्षं आणली आणि फ्लॅटवर मोठ्ठं पातेलं चढवलं. ढवळायला आम्हाला बोलावलं.

दुपारपर्यंत सात मजल्यांवर द्राक्षांचा वास! बिल्डिंगचा हारिस दारात हजर. हारिस म्हणजे वॉचमन, मॅनेजर आणि सीआयडी, एकाच माणसात.

आणि लूका त्याला समजावतोय कसं? "माझं घराणं दोनशे वर्षं वाइन करतं! माझा बाप वाइन करतो! पण हे वाइन नाही!"

झालं! हारिसने कमरेवर हात ठेवले. लूकाने घाबरून हसनचाचांना फोन लावला. चाचा जुम्म्याची नमाज आटोपून टोपी घालूनच आले. चमचाभर पाक बशीत घेतला, बोटाने चाटला आणि हारिसला अरबीत म्हणाले, "मी पाच वेळचा नमाजी. मी चाटतोय ना? आता तू चाट."

हारिसने चाटला. पुन्हा चाटला. मग वाडगा मागून घेतला आणि खाली गेला. आम्ही सुटलो म्हणून हुश्श केलं. चाचा मला म्हणाले, "अगं, ही तर काकवी! एवढ्यासाठी माझं शुक्रवारचं पोटभर जेवण राहिलं."

पुढच्या शुक्रवारी सकाळी लूकाची बेल वाजली. हारिस दारात. एका हातात धुतलेला वाडगा, दुसऱ्या हातात द्राक्षांची पेटी!

*

आणि मग लूकाचे वडीलच आले. अन्सेल्मो आजोबा. वायनरी विकत मागणाऱ्या कंपनीला सोमवारी फोनवर काय ते कळवायचं होतं, तर म्हातारा म्हणाला, मी पोराला तोंडावर विचारायला येतो. लूकाने बजावलं होतं, "पप्पा, तिथे दारूबंदी आहे. बाटली आणू नका." आजोबा 'बरं' म्हणाले.

विमानतळावर अरबी लागेल म्हणून लूकाबरोबर हसनचाचाही ओळखीने आतपर्यंत गेले होते. बॅग मशीनमधून गेली आणि अधिकाऱ्याने बाजूला घेतली. आत शर्टात गुंडाळलेली बाटली, वर घराण्याचं लेबल! लूका पांढराफटक पडला.

बाटली उघडली तर रिकामी. धुतलेली, कोरडी ठणठणीत.

अधिकाऱ्याने वास घेतला. काही नाही. त्याने साहेबाला बोलावलं. साहेबानेही वास घेतला. "रिकामी बाटली कशाला आणलीत?"

आजोबा म्हणाले, "पोराने सांगितलं भरलेली चालत नाही. पण मी जन्मात कधी बाटलीशिवाय जेवायला बसलो नाही."

लूकाने ते इंग्रजीत सांगितलं, चाचांनी त्याचं अरबी केलं. साहेबाने क्षणभर आजोबांकडे बघितलं, बाटली पुन्हा शर्टात नीट गुंडाळली आणि म्हणाला, "आजोबा, यात आमच्याकडचं पाणी भरा आणि थंडगार प्या."

*

आता खरा किस्सा. रविवारी काम सुटल्यावर बाबीने आजोबांना आणि आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीवर जेवायला बोलावलं. सुरमई, भात, सोलकढी. आजोबांनी सोलकढी भातावर ओतताना बघितली आणि बाबीला मिठीच मारली. त्यांच्या गावात गरम सूपमध्ये लाल वाइन ओततात म्हणे! "हे आमचेच लोक," ते लूकाला म्हणाले. आजोबांना इटालियन सोडून काही येत नाही आणि बाबीला मालवणी सोडून काही बोलायचं नसतं. दोघांचं झकास जमलं.

जेवणं झाल्यावर बाबीला वायनरी विकायचं प्रकरण कळलं. तो हातातलं बडीशेपेचं ताट ठेवून उभाच राहिला. "विकतास? राखणदाराक इचारलास?"

बाबीच्या घराकडे गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आहे, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. कोकणात जमिनीचा एक अदृश्य राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय विकत नाहीत, असं मी लूकाला सांगितलं, लूकाने आजोबांना. आजोबा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "आमच्याकडेही पहिला ग्लास सगळ्यात जुन्या वेलाच्या मुळाशी ओततात. विचारा."

बाबीने देवाचा कौल घ्यायला तांब्यावर नारळ ठेवला. शेवंतीच्या दोन पाकळ्या भिजवून नारळाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर ठेवायची. डावी पडली तर विकायची. वारा लागू नये म्हणून एसी बंद.

"बा देवा म्हाराजा!" बाबीने आवाज लावला. "ह्यो म्हातारो इटलीसून हय ईलो हा! तेच्या द्राक्षांच्या मळ्याचो जो कोण राखणदार आसात, तेका आमी नारळ ठेवलो हा! विकूचा काय ठेवूचा, ता तूच सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. हसनचाचा दारापाशी तसबीहचे मणी ओढत बसले होते, पण कान इकडेच. दुसऱ्या खेपेला आजोबाही आमच्याबरोबर ओरडले, "व्हय म्हाराजा!" उच्चार अगदी कुडाळचा!

मग वाट बघणं. लूका वैतागला होता. "हे सगळं पाण्याचं बाष्पीभवन आहे. डावी पाकळी जाड आहे, तीच आधी पडणार. यावर दोनशे वर्षांची वायनरी ठरवायची?"

"गप ऱ्हव," बाबी म्हणाला. प्रोजेक्ट मॅनेजर गप राहिला.

घामाच्या धारा लागल्या. आजोबा हात जोडून नारळाकडे बघत होते.  उजवी पाकळी घट्ट बसलेली. आणि डावी हलली. थोडी सुटली. हळूहळू खाली घसरायला लागली. 

लूका गुडघ्यांवर पुढे सरकला आणि अंगठ्याने डावी पाकळी दाबून धरली.

"अरे मेल्या! कौलाक हात लावतंस?" बाबी किंचाळला.

लूकाने अंगठा काढला नाही. त्याने बापाकडे बघितलं.

आजोबा उठून उभे राहिले आणि खोली दणाणून सोडली, "व्हय म्हाराजा!"