बारा गाड्यांची पंगत

नव्या जालन्यात स्टेशनाजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी फाटकावरचा कारकून म्हणून लागलो, तेव्हा माझं वय एकोणतीस होतं. त्याआधी बारा वर्षं आष्टीजवळच्या आमच्या गावी शेती केली होती आणि दोन वर्षं गावच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले होते. शिवाय भाऊबंदांच्या प्रत्येक लग्नात वाढपी मीच असे. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "आधी काय करत होता?" मी पाढे तेवढे सांगितले. नांगर आणि भाताची परात दोन्ही गाळली. साहेब हैदराबादचे, दफ्तर उर्दूत, बाकीचे कारकून इस्त्री केलेल्या शेरवानीतले. त्यांच्यापुढे पत्रावळीचं नाव कोण काढणार?

हंगाम ऐन भरात होता. फाटक एक, काटा एक, आणि रोज पन्नासेक नव्या गाड्या. सगळ्यांना आधी आत शिरायचं असे. भरल्या गाड्या फाटकात घुसत, आत रिकाम्या झालेल्यांना बाहेर पडता येईना, जुवात जू अडके. दिवसाकाठी अडतीस गाड्यांच्या वर काम होत नसे. उरलेले गाडीवान तिथेच चूल मांडत आणि मला नावं ठेवत.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळी फाटकावर कालची गाडी दिसली, तर दुसरा आदमी बघतो."

घरी बायको आणि दोन मुली नुकत्याच गावाहून आणल्या होत्या. गावची जमीन दोघा भावांत कशीबशी पुरणारी. परत जाणं म्हणजे तिसरं तोंड नव्हे, चार तोंडं वाढवणं.

पहिले तीन दिवस मी ओरडण्यात घालवले. काठी आपटली, चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी क्रमांक चौदाला कोणी विचारीना. चौथ्या दिवशी दुपारी एका गाडीवानाचं चाक दुसऱ्याच्या चाकात गुंतलं, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ओ कारकून, काय करून राह्यले तुम्ही? आमच्याकडं लग्नात हजार मानूस जेवतं, पर इतकी रेटारेटी न्हाई होत!"

मी म्हणालो, "का होत न्हाई?"

"का म्हंजे? पंगत बसती."

मला स्वतःचीच लाज वाटली. हे मला कोणी सांगावं? पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठत नाही, आणि पुढची पंगत जेवणाऱ्यांच्या डोक्यावर उभी राहत नाही, मांडवाबाहेर बसून असते. जेवणारे उठून बाहेर पडले, की मगच ती आत येते. फाटकात दोघांची गाठच पडत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बाहेरच्या मैदानात मी फक्कीच्या रेघा ओढल्या. एका रेघेवर बारा गाड्या. एक रांग आत घ्यायची, बाराही रिकाम्या झाल्या की बाराही बाहेर काढायच्या, मग दुसरी. आत एक रांग चालू असताना बाहेरच्या रांगेनं दोर सोडून, गाडीच्या बाजूच्या ताट्या काढून तयार राहायचं. आधी पान मांडून मीठ वाढून ठेवतात, तसं.

त्या दिवशी तीनच पंगती उठल्या. अडतीसच्या जागी छत्तीस! चूक कुठे झाली ते मला संध्याकाळी उमगलं. प्रत्येक रांगेत एखादी गाडी ठासून भरलेली असे, तिला उतरायला दुप्पट वेळ लागे, आणि बाकीच्या अकरा तिच्यासाठी खोळंबत. पंगतीतही एखादे दात नसलेले आजोबा असतात. जाणता वाढपी पहिली पोळी त्यांच्या पानावर टाकतो. सहाव्या दिवसापासून प्रत्येक रांगेतली जड गाडी मी सर्वांत आधी काट्यावर घेतली.

त्याच दिवशी एका मोठ्या जमीनदाराचे कारभारी सात गाड्या घेऊन आले. पांढरा फेटा, हातात काठी. रांग तोडून थेट फाटकाशी.

"आमच्या गाड्या आधी घ्या. आम्ही काय इथं उपाशी बसाया आल्तो का?"

मागून पन्नास जण बघत होते. यांना सोडलं की रेघा पुसल्याच म्हणून समजा.

मी हात जोडले. "मामा, तुम्ही काय पाहुणे हायत का? तुम्ही यजमान. यजमान कधी पहिल्या पंगतीला बसला का?"

मागे हशा झाला. कारभारी गोंधळले. "मंग काय करावं म्हन्ता?"

"यजमान काय करतो? पंगतीतून फिरतो, कोणाला काय हवं-नको बघतो."

त्यांनी मिशी चाचपली आणि खरंच रांगेतून फिरायला लागले. कोणाचा दोर सुटला का, कोणाची ताटी निघाली का. आणि सवयीनं प्रत्येकाला म्हणत चालले, "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या!"

"मामा, सावकाश कशाला? जल्दी म्हना की, जल्दी!" एक जण ओरडला. सगळं मैदान हसलं. साहेब ओसरीत येऊन उभे राहिले. "कैकू हँस रे लोगां?"

कारभाऱ्यांच्या सात गाड्या चौथ्या पंगतीला लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही.

त्या दिवशी पाच पंगती उठल्या, सातव्या दिवशी सहा. आठव्या दिवशी सातवी रांग बाहेर पडली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. चौऱ्याऐंशी गाड्या. मैदानात नुसतं शेण आणि कडब्याचा चुरा.

साहेबांनी बोलावलं. "ये तरकीब कहाँ सीखी? मदरसे में?"

हो, शाळेतच, असं म्हणणं सोपं होतं. पण माझ्याच्यानं खोटा आकडा जसा लिहवत नाही, तसं तेही सांगवेना. मी म्हणालो, "नाही साहेब. लग्नात जेवण वाढताना."

शेजारच्या मेजावरचा कारकून खाली मान घालून हसला. साहेब मात्र हसले नाहीत. एका पंगतीला किती माणसं, किती वाढपी, भात कमी पडला तर काय करता, असं विचारत गेले, आणि मी सांगत गेलो. अर्ध्या तासानं म्हणाले, "ठीक. नौकरी पक्की."

माघात चुलतभावाचं लग्न निघालं. दफ्तरात रजेच्या अर्जावर सगळे "ताप" लिहीत. मी लिहिलं, "पाच पंगती वाढणे आहे, दोन दिवस रजा मिळावी." साहेबांनी दीड दिवस मंजूर केला. पाच पंगतींना दोन दिवस कशाला लागतात, असं त्यांनी खाली विचारलं होतं. मी हिशेब पुन्हा मांडून पाहिला. त्यांचं बराबर होतं.