जित्या माणसाच्या फोटोले हार

हुडकेश्वरच्या लोकहो, आज आपल्या कॉलनीच्या हॉलात काय झालं ते ऐका.

सिनेमाच्या गाण्यांना चाली लावणारे आपले लाडके संगीतकार काल गेले, म्हणून सकाळी शोकसभा ठेवली होती. मी गेली, तर खुर्चीवर हिरोचा फोटो! माणूस जिता, अन् फोटोले हार!

"काहून गा, याले काहून मारून राहिले?"

सेक्रेटरी म्हणे, "आजी, संगीतकाराचा चेहरा कोणालेच ठाऊक नाही. गाणी याच्याच तोंडी होती न."

हार मीच ओढून काढला. मंग सारे दोन मिनिटं गप्प उभे. मले रागच आला. ज्यानं जन्मभर आपल्याले गायले लावलं, त्याच्यासाठी मुकं उभं राहायचं?

मागं माझे दीर बसले होते. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत. डीजे आले तशी त्यांनी क्लॅरिनेटची पेटी पलंगाखाली ढकलली, ती सहा वर्षं उघडलीच नाही.

"भाऊजी, घर समोरच आहे. पेटी आणा."

"वहिनी, आता दम नाही उरला."

"माझ्याशी भांडायले बरा पुरतो!"

आणली. पहिला सूर बकरीसारखा निघाला, पोरी हसल्या. दुसऱ्या ओळीले साऱ्यांनी गाणं ओळखलं, तिसरीले सारा हॉल गाऊ लागला. हार मी पेटीवर ठेवला.

निघताना सेक्रेटरीची सून म्हणे, "काका, माह्या पोरीच्या बारशाले वाजवान का?"

"वाजवतो, पण डीजे नको."

दुपारपासून घरात रियाज चालू आहे, माझं डोकं उठलं. तरी पेटी आता पलंगाखाली जाऊ देणार नाही.

तुमच्या पलंगाखाली काय पडून आहे? काढा न बाहेर.