चांदूर बाजारची संत्री आणि माझी एक सही

संत्री खायची, मेळघाट बघायचा आणि चार दिवसांत परत यायचं, एवढाच बेत होता. शोभा माझी कॉलेजमधली मैत्रीण, वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. वडिलांच्या मागे चांदूर बाजारजवळची संत्र्याची बाग तीच बघते. उन्हाळ्यात तिनं फोनवर दटावलं, "सा वर्सं झाले बोलावून राहिली तुले. आता फळं लागून राहिले, ये नं वं!" दिवाळी उरकली आणि मी पुण्याहून गाडी पकडली.

अमरावतीला उतरलात तर आधी दह्यात भिजवलेला गिला वडा खा, सकाळ असली तरी. पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हाडं खिळखिळी झाल्याची तक्रारही अर्धीच करायची.

बाग बघितली आणि फोटोसाठी काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवला. पिवळी पानं, खाली गळून पडलेली हिरवी फळं, आणि बुंध्याबुंध्यातून डिंक ओघळलेला.

"डिंक्या रोग," शोभा म्हणाली. "दोन महिन्यांत असं झालं. तुले काय सांगू फोनवर?"

तिनं खाली बसून दाखवलं. संत्र्याचं कलम खालच्या रानटी रोपाच्या खुंटावर वीतभर उंच बांधायचं असतं. खाली बांधलं की जोड ओल्या मातीत जातो आणि झाड कुजतं, तेही नेमकं फळावर आलं की. सरकारी योजनेतून आलेली ही सगळी कलमं चार बोटांवर बांधलेली होती. कृषी खात्याच्या तपासणाऱ्यानं चिरीमिरी घेऊन ती पास केली, हे रोपवाटिकेतल्याच एका गड्यानं तिला नंतर सांगितलं.

"बाबा एकेक रोप वितीनं मोजून घेत. मी शिक्का पाह्यला नं गाडी भरली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा होता. 'रोपे सदोष' असं लिहिलं गेलं तर भरपाई आणि नवी कलमं मिळणार. 'पाणी जास्त दिले' असं लिहिलं तर सगळं खापर शोभाच्या डोक्यावर. त्याच खात्याचे साहेब आले, गोड माणूस! शोभानं झाडामागून झाड वितीनं मोजून दाखवलं, ते मान डोलवत राहिले. मग ती चुलीकडे गेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे होते, कणकेचे भाजलेले गोळे, ते उलटायचे होते.

"मॅडम, तुम्ही पंच म्हणून सही करा," साहेब म्हणाले. "बाहेरचा शिकलेला माणूस असला की कागदाला वजन येतं."

"पण हा तर कोरा आहे."

"ऑफिसात टाईप करतो ना. सगळीकडे असंच चालतं हो."

सोसायटीची नोटीससुद्धा तीनदा वाचणारी मी, सही करून मोकळी झाले. भूक लागली होती आणि शोभाचं काम झालं असं वाटलं. तुपात बुडवलेले रोडगे आणि वांग्याची भाजी मी अक्षरशः हाणली.

मेळघाटातल्या सेमाडोहला एक दिवस काढाच. परतवाड्याहून घाट चढला की सागाचं जंगल सुरू होतं. वाघ दिसला नाही, पण मी खुशीत होते. परतीची गाडी अकोल्याहून होती. तिथल्या एसटी स्टँडवर चहा घेताना शोभानं पंचनाम्याचा फोटो पाठवला. 'अतिरिक्त पाणी व मशागतीचा अभाव.' खाली माझी सही, ठसठशीत. चहा तसाच टाकला. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

पुण्याला आल्या आल्या लेखी तक्रार केली, की सही घेतली तेव्हा कागद कोरा होता. पंधरवड्यानं उत्तर आलं: आपण सुशिक्षित असताना कोऱ्या कागदावर सही का केली, याचा खुलासा करावा. घ्या! करतेय खुलासा.

बाग कशी बघावी, रोडगे कुठे खावेत, हे विचारणारे मेसेज येतात. जरूर जा. पण माझ्याजवळ त्या प्रवासातलं उरलंय ते परवाचं बोलणं. शोभानं फोन केला. झाडं उपटायला यंत्र आलं होतं, मागे घरघर चालली होती.

"एक विचारू? राग नको मानू," ती म्हणाली. "मी चुलीपाशी होती तवा. तो कागद खरंच कोरा होता काय वं?"

"कोराच होता गं, शोभा."

"बरं," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.