मोरीतली फरशी

राजधानीला आमची ही तिसरी खेप. तिथले उंच मनोरे, काचेच्या इमारती, डोक्यावरून सुळकन जाणारी गाडी, सगळं मी एकटीनंच पाहिलं म्हणायचं. आमचे हे फरशीवाले. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, त्यामुळे मान कायम खाली. आधीच्या दोन्ही खेपांना येणारे-जाणारे वर बघून तोंडात बोट घालत होते, आणि हे टाचेनं जमीन ठोकत, "पोकळ आहे. वर्षभरात उखडेल." स्टेशनात तेच, मॉलमध्ये तेच. रखवालदारानं हटकलं तर त्यालाच सांधे दाखवत बसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "अहो, लेकीच्या कामाला आलोय, का यांचं काम तपासायला?"

लेक परदेशात. महिन्याभरात बाळंतपण, जावई दिवसभर कामावर, घरात तिसरं माणूस नाही. "आई, बाबा, दोघंही या," हे एकच पालुपद. व्हिसाचे कागद झाले, पण घोडं अडलं यांच्या बोटांपाशी. सिमेंटनं बोटं इतकी झिजलेली की यंत्रावर ठसाच उठेना. दोन खेपा फुकट गेल्या. खिडकीतली मुलगी भली होती. म्हणाली, "काका, पंधरा दिवस सिमेंटला हात लावू नका, तेल चोळा. आता शेवटची संधी."

पंधरा दिवस मी यांना भांडंसुद्धा विसळू दिलं नाही. शेवटचे दोन दिवस तेवढी मी बहिणीकडे गेले आणि तिथून परस्पर बसस्टँडवर आले.

नऊ तासांची बस, मग ते सरकते जिने, एकविसावा मजला, टोकन घेऊन तीन तास बाकावर. पायांचे तुकडे पडले होते. हे मात्र हात खिशात घालून गप्प. फरशी एकदाही ठोकली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझे ठसे याही वेळी लगेच उठले. यांचं एकेक बोट त्या मुलीनं पुसलं, दाबलं, परत पुसलं. शेवटी हळूच विचारलं, "काका, सिमेंटला हात लावलात?"

हे खाली बघून म्हणाले, "एकच फरशी होती."

खाली रस्त्यावर येईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग तोंड सोडलं. "कोणाची एवढी अडली होती? दोन दिवस धीर निघाला नाही?"

"आपल्या मोरीतली," हे म्हणाले. "तू पडली असतीस, तर लेकीकडे कोण गेलं असतं?"

अकरा वर्षं मीच यांचं डोकं खाल्लं होतं, साऱ्या गावाच्या फरश्या बसवता आणि माझीच तेवढी डुगडुगते म्हणून. बहिणीकडे निघताना उंबऱ्यातूनसुद्धा ऐकवलं होतं, "एक दिवस हाड मोडून घेईन, मग कळेल."

परतीच्या बसमध्ये लेकीला फोन केला. मी एकटीच येतेय म्हणून सांगितलं.

घरी आलो. हे चपलेसकट खाटेवर आडवे झाले. मी पाय धुवायला मोरीत गेले, सवयीनं कडेकडेनंच. मग थांबले आणि त्या फरशीवर पाय ठेवला. हलली नाही. टाचेनं चारही कोपरे ठोकून पाहिले.

मला वाटलं होतं, यांना झोप लागली. बाहेरून आवाज आला, "पोकळ नाही ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि माझं रडणं यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.