बाबांचं बेअरिंग

पिंपळगाव राजाला आमच्या बाबांचं मोटर दुरुस्तीचं दुकान. विहिरीवरच्या मोटारी तिथे रडत यायच्या आणि गात जायच्या. मोटर खोलली की बाबा एकेक भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने फरशीवर मांडत आणि प्रत्येकाभोवती खडूने रेघ मारत. ती रेघ अशी, की तिच्यावरून चालताना मुंग्या रांग मोडायला घाबरत. मला मुंग्यांनीच सांगितलंय.

मी तेच काम संगणकावर करतो. पंपाच्या माहितीपुस्तकात सगळे भाग सुटे होऊन हवेत तरंगताना दिसतात ना, नटामागे वॉशर, वॉशरमागे बेअरिंग, ती चित्रं माझी. लोक विचारतात, कुठे शिकलास? फरशीवर, आणखी कुठे!

पण यंदा बाबांचा हात थरथरायला लागला. गोळ्या झाल्या, थरथर राहिली. त्यांनी दुकानात जाणंच सोडलं. कारागीर बोलवायला आला की म्हणायचे, "वाकडी रेघ पाहून गिऱ्हाईक मोटर देईन काय?" ज्यांची हाक खामगावपर्यंत जायची, ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मला बघवेना.

एका दुपारी मी त्यांच्यापुढे चित्र काढायचा टॅब ठेवला, हातात पेन दिलं आणि गुपचूप स्मूदिंग शेवटपर्यंत सरकवलं. स्मूदिंग म्हणजे हात कितीही नाचो, रेघ इस्त्री होऊनच उतरते. भूकंपात शेताचा नकाशा काढा, तलाठी डोळे मिटून सही करेल.

बाबांनी बेअरिंगचा गोल काढला. हात थरथरतोय आणि काचेवर पुनवेचा चंद्र! माझी छाती फुगली. बाबा मात्र पेनाकडेच बघत राहिले.

"हे कोन काढून राह्यलं बे?"

"तुमीच, बाबा. अजून कोन?"

"माहा हात मले माईत नाही काय? काय घातलं याच्यात तुनं?"

सांगावंच लागलं.

"बंद कर ते."

"राहू द्या न, बाबा."

"बंद कर म्हनलं न!"

केलं. मग जे उतरलं, ते बेअरिंग कमी आणि कढईतून घाईघाईने काढलेलं भजं जास्त. बाबांनी टॅब लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. आता ठेवून देतात, असंच मला वाटलं.

"बेअरिंग हाय हे समजते काय?"

मी नीट पाहिलं. समजत होतं.

"हाव."

"मंग झालं." त्यांनी पेन पुन्हा टेकवलं. "सरकव ते चित्र तिकडं, शाफ्टले जागा पायजे. अन् माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यला? कारागिराले फोन लाव. म्हन, मोटर खोलू नको, मी येऊन राह्यलो."