अंगठ्याएवढा कडुनिंब

लकडगंजात ज्या कडुनिंबाखाली मी भाजी विकत असे, त्याच्या वाळक्या काड्या वेचायला एक माणूस रोज यायचा. डोळ्यांवर जाड चष्मा, नखांत हिरवा रंग. बिल्डर लोक गिऱ्हाइकाला टेबलावर पुठ्ठ्याची इमारत दाखवतात ना, तिच्यासमोरची झाडं हा बनवायचा. काडीला गोंद लावायचा, लाकूड कापायच्या आरामशिनीतला भुसा हिरवा रंगवून त्यावर चिकटवायचा, की झालं झाड. मग त्यावर अशी हळू फुंकर मारायचा, जणू लेकराच्या डोळ्यात कचरा गेलाय.

"कोणत्या बिल्डिंगची झाडं करून राहिला गा?" मी एकदा विचारलं.

"इथलीच, मावशी. तुम्ही बसता तिथंच गेट येते."

"अन् हा निंब?"

"तोडतात ना. पण मी गेटापाशी निंबच लावला. बिल्डर म्हणते, झाडं भरपूर दाखव. खऱ्या झाडाले जागा लागते, मावशी. माह्या झाडाले नाही लागत."

वर हसला. मोठा कलाकार!

पुढच्याच आठवड्यात निंब पडला. कुऱ्हाडी थांबायच्या आत हा पिशवी घेऊन हजर. ओल्या काड्या वाकवून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. "वाळायले लई दिवस लागन." जाताना मला अंगठ्याएवढा कडुनिंब दिला. "आठवण राहू द्या, मावशी."

आता मी समोरच्या फुटपाथवर उन्हात बसते. ते झाड टोपलीत उभं केलं आहे. त्याची सावली बरोबर एका मिरचीवर पडते. बाकीच्या भाजीवर मी ओलं पोतं टाकते, आणि माझ्या डोक्यावर पदर.